उभ्या असलेल्या हायब्रिड मोटारीतील विजेची गळती व तिचा शोध

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्तींवर चालणारी हायब्रिड गाडी आता अपूर्वाईची राहिलेली नाही. टोयोटा कंपनीने जपानमध्ये १९९७ साली ‘प्रियस’ विक्रीस आणली. भारतात होंडा सिटी, टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड आवृत्त्या २०२२ मध्ये आल्या, आणि तेव्हापासून अशा गाड्या मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या दारीही दिसू लागल्या. त्यांच्याविषयी एक तक्रार मात्र वारंवार कानी येते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहते, आणि रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघायची वेळ आली असता कळ दाबूनही साधा दिवा लागत नाही. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसविली जाते. थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार घडतो, आणि ‘हायब्रिडची बॅटरीच कच्ची’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक मोठी, उच्च दाबाची; २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तिचा दाब २०१.६ व्होल्ट होता. दुसरी नेहमीसारखी १२ व्होल्टची. गाडी बंद केली की मोठी बॅटरी रिलेच्या साहाय्याने बाकीच्या यंत्रणेपासून तोडली जाते. त्यामुळे उभ्या गाडीत रात्रीतून उतरते ती जवळजवळ नेहमी लहान बॅटरीच होय. परंतु तो रिले जोडण्याचे आणि गाडीतील संगणक जागे करण्याचे काम ह्या लहान बॅटरीकडेच असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही निरुपयोगी ठरते. घरात धान्याची कोठी भरलेली असावी आणि तिची किल्ली हरवावी, तसा हा प्रकार आहे.

साध्या गाडीत बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर रखडत फिरतो व मालकास आठवडाभर आधी सूचना मिळते. बहुतेक पूर्ण हायब्रिड गाड्यांत इंजिन फिरविण्याचे काम उच्च दाबाची मोटर करते. लहान बॅटरीवर तो भार नसतो. म्हणूनच ती आकाराने लहान ठेवलेली असते, आणि अर्धमेल्या अवस्थेतही गाडी चालू करून देते. इशारा असा मिळतच नाही. आज चालू झालेली गाडी उद्या एकाएकी निर्जीव होते.

नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी दोष बॅटरीचा की गाडीचा, हे ठरवावे. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, गाडीपासून सोडवून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मल्टीमीटरने दाब पाहावा. १२.६ व्होल्ट वा अधिक आल्यास ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास अर्धी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. कशालाही न जोडता तिचा दाब असा उतरला असेल, तर बॅटरी म्हातारी झाली आहे, ती बदलावी. दाब टिकला, तर वीज गाडीतच कोठेतरी गळत असण्याचा संभव अधिक, आणि नवी बॅटरी घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पुन्हा पाणी भरणे होय.

थोडी गळती प्रत्येक गाडीत असतेच. घड्याळ, चोरघंटा व कुलुपांचा संगणक यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली, तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीने ती महिन्याभरात अर्धी होते. तेव्हा मालक बोटीवर किंवा आखातात नोकरीस गेला आणि गाडी तीन महिने अंगणात राहून बंद पडली, तर तो बिघाड नव्हे. पण पुढील खणातला ५ वॅटचा दिवा झाकण नीट न बसल्यामुळे जळत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात, आणि दोन-सव्वादोन दिवसांत तीच अवस्था येते. बाहेरून बसवून घेतलेला कॅमेरा २५० मिलिअँपिअर ओढत असेल, तर चार दिवसही पुरत नाहीत. शोध घ्यायचा तो या जादा गळतीचा.

मोजणीसाठी मल्टीमीटरची वायर १० अँपिअरच्या छिद्रात घालावी व मीटर बॅटरीचे ऋण टोक आणि त्यावरील केबल यांच्यामध्ये आणावे. आधी मीटरची दोन टोके दोन्हींस टेकवून मगच केबल उचलली, तर प्रवाह खंडित होत नाही व संगणक नव्याने जागे होत नाहीत. प्रियससारख्या गाडीत बॅटरी डिकीत असल्याने डिकी उघडी ठेवूनच काम करावे लागते. अशा वेळी कुलपाचा खटका पेचकसाने बंद स्थितीत ढकलावा, म्हणजे दिवा विझतो व डिकी बंद आहे असे गाडीस वाटते. (काम संपल्यावर खटका मोकळा करण्यास विसरू नये, तसेच झाकण आपटल्यास कुलूप मोडते.) चावी खिशात न ठेवता दूर घरात ठेवावी, कारण जवळ असलेल्या चावीशी गाडीचा रेडिओ-संवाद चालू राहू शकतो. त्यानंतर निदान अर्धा ते एक तास थांबावे. सर्व संगणक झोपी जाण्यास एवढा अवकाश लागतो. घाईने घेतलेला पहिला आकडा अनेक अँपिअरचाही असू शकतो, आणि त्यावरून दिवसभर नसलेला दोष शोधला जातो. मीटर मध्ये असताना गाडी चालू करू नये. मीटरचा फ्यूज जळेल.

आकडा शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या खाली येतच नसेल, तर फ्यूज एकेक काढून तो कोठे पडतो ते पाहण्याची जुनी रीत आहे. तथापि फ्यूज काढला-घातला की काही संगणक पुन्हा जागे होतात. त्यापेक्षा फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या डोक्यावरील दोन बिंदूंमधील मिलिव्होल्ट मोजणे चांगले. जेथे शून्याऐवजी काही आकडा दिसेल, त्या शाखेत प्रवाह वाहत आहे. प्रथम संशय घ्यावा तो कारखान्यातून न आलेल्या वस्तूंचा: कॅमेरा, चोरघंटा, जागा कळविणारे यंत्र, निदान-सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेले उपकरण. मूळ यंत्रणा त्यामानाने क्वचितच दोषी आढळते. कोकण-गोमंतकात पावसाळ्यानंतर डिकीच्या दिव्याची जोडणी व दारांचे स्विच ओलाव्याने गंजलेले नाहीत ना, हेही पाहावे.

कधीकधी गळती नसतेच, भरणीच अपुरी असते. लहान बॅटरी भरली जाते ती ‘रेडी’ ही अक्षरे किंवा तिचे चिन्ह दिसत असताना, मोठ्या बॅटरीतून. केवळ कळ दाबून रेडिओ ऐकत बसल्यास ती फक्त रिकामी होते. गाडी धुताना पाच मिनिटे चालू ठेवण्याचाही विशेष उपयोग नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणावी. ते शक्य नसल्यास बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू न ठेवता लहान चार्जर लावावा.

गाडी निर्जीव झालीच, तर प्रियससारख्या गाडीत एक विचित्र कोंडी होते: बॅटरी डिकीत आणि डिकीचे कुलूप विजेवर. अशा वेळी चावीच्या पोटातील लोखंडी किल्लीने चालकाचे दार उघडावे व बॉनेटखालील फ्यूज-पेटीत लाल झाकणाखाली दिलेल्या धन टोकास दुसऱ्या बॅटरीचे धन टोक जोडावे. ऋण वायर इंजिनाजवळील उघड्या धातूस लावावी. टोकांची अदलाबदल झाली, तर नुकसान बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट होते. गाडी ढकलून चालू होत नाही. नारिंगी वेष्टनाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित मिस्त्रीखेरीज कोणीही हात लावू नये. आणि शेजाऱ्याचा ट्रक बंद पडला, तर त्यास हायब्रिडच्या लहान बॅटरीवरून वीज देण्याचा उपकार टाळावा. ट्रकच्या स्टार्टरला लागणारा प्रवाह तिच्या जोडण्यांना पेलण्यासारखा नसतो.