सगळ्या गोळ्या एका टेबलावर

आमच्या आईच्या गुडघ्यांना हाडांचे डॉक्टर, रक्तदाबाला दुसरे, साखरेला तिसरे. तिघांच्या फायली वेगळ्या. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी. भुदरगड तालुक्यात चिखलात वाकून भातलावण करणाऱ्या कितीतरी बायका ती गोळी जवळ बाळगतात. एका पावसाळ्यात आईला जुलाब झाले, मग पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. हृदयाचा डॉक्टर गाठावा की किडनीचा, यावर घरात वाद. शेवटी गारगोटीहून मुदाळतिट्टामार्गे कोल्हापूरला एका फिजिशियनकडे नेलं.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. नाडी, छाती, पोट तपासलं, घोट्यावर बोट दाबून सूज पाहिली, लघवीचं खोदून विचारलं. मग उलगडा केला. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची डायक्लोफिनॅक एकत्र आल्या, त्यात जुलाबानं अंगातलं पाणी गेलेलं. अशा वेळी किडनीतल्या गाळण्यांमधला रक्ताचा दाब घसरतो. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. किडनी मंदावल्यावर साखरेची मेटफॉर्मिनही जपूनच द्यावी लागते. त्यांनी काही गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, आणि क्रिएटिनिन हळूहळू उतरलं.

फिजिशियन म्हणजे एम.डी. मेडिसिन झालेले डॉक्टर; एम.बी.बी.एस.नंतरचं हे तीन वर्षांचं शिक्षण. हे डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. मोठ्या माणसांचे हृदय, फुप्फुस, यकृत, किडनी, साखर यांचे आजार एकमेकांशी जोडून पाहणं हे त्यांचं काम, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघडही तेच. न उतरणारा ताप, कारण नसताना घटणारं वजन, सूज, किंवा एकाच माणसाला तीन-चार दुखणी असतील, तर आधी फिजिशियन गाठा. पुढे कोणाकडे जायचं ते तेच सांगतील. कोल्हापुरात सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयातही मेडिसिन विभाग आहे. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले तर मात्र ओपीडीची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

लावणीनंतर ताप आला तर चिखलात काम केल्याचं आपणहून सांगा. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यावरूनच येते. चालू गोळी मनानं बंद करू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना काढे, चूर्णंही न्या, पाकिटं अख्खी न्या. नाव आणि मिलिग्रॅम बहुधा कापून टाकलेल्या तुकड्यावरच असतं.