शेवटच्या नळाचं पाणी

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाला येरळेच्या पात्रालगतच्या विहिरीचं पाणी आहे. विहिरीतून मोटरीनं टेकावरच्या टाकीत, टाकीतून गावठाणात, आणि तिथून पुढं वाड्यावस्त्यांवर. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवतात. आमच्या गावच्या पाचजणींत मी आहे. शाळेत विज्ञान शिकवलेलं असल्यामुळं परीक्षानळीशी ओळख जुनी होती, पण गावाचं पाणी कुठं बिघडतं आणि ते कसं राखावं लागतं हे मला गल्लीबोळांतून हिंडतानाच कळलं. नळ दारात आला म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला, असं आज गावोगाव धरून चालतात. त्याची मला खरोखर काळजी वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

१. क्लोरीन शेवटच्या नळाला मोजावं

पाण्यातलं क्लोरीन मोजायची ओटी टेस्ट कुणालाही जमेल अशी आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. पट्टीवरच्या रंगांशी ताडून किती आहे तेही कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणं लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. ही शिल्लक फार मोलाची, कारण वाटेत किंवा घरच्या हंड्यात एखादा जंतू शिरला तर त्याच्याशी तीच झगडते.

तपासणी बहुतेक वेळा टाकीपाशी किंवा ग्रामपंचायतीसमोरच्या नळाला होते. तिथं रंग छान येतो आणि वहीत नोंद होते. मी नळी घेऊन ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेले, तेव्हा त्याच सकाळच्या पाण्याला रंगाचा मागमूस नव्हता. तिथल्या एका घरातल्या काकी म्हणाल्या, “ताई, पानी तर काचंगत हाय की!” होतंच. तळाशी कण नाही, वास नाही, चवीला गोड. पण टाकीतून निघालेलं क्लोरीन पाइपातल्या गाळात आणि गळतीतून शिरलेल्या घाणीत खर्च होऊन गेलं होतं, आणि त्या काचेसारख्या पाण्याला आता कुणाचंच संरक्षण नव्हतं. तेव्हापासून आम्ही पाचजणी टोकाच्या घरांपासून सुरुवात करतो. शेवटच्या नळाला ०.२ मिळालं, की अलीकडच्या घरांची चिंता बरीच कमी होते.

२. टीसीएल पावडर मरते

टाकीत पावडर टाकून पाणी सोडणाऱ्या आमच्या जलसुरक्षकांना सगळा गाव आप्पा म्हणतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कशी टाकायची हे मी त्यांच्याकडून बघून घेतलं. ते आधी प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवतात, गुठळ्या मोडतात, बादली पाण्यानं भरतात आणि तशीच ठेवून देतात. अर्ध्या तासात चुना खाली बसतो. मग वरचं निवळ तेवढं टाकीत ओततात आणि तळाचा साका लांब टाकून देतात. त्यानंतर किमान अर्धा तास गेल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाहीत, कारण क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. घाईनं सोडलेल्या पाण्यात पावडर असूनही उपयोग नसतो.

मात्रा साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पण हा हिशोब चांगल्या पावडरीचा. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत ऊन तापलं, की ते उडून जातं. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर शुद्धीकरणाला चालत नाही. दिसायला मात्र ती तशीच पांढरी राहते, वासही थोडा येतो, आणि माणूस मनोभावे रोज पाव किलो चुना पाण्यात ओतत बसतो. म्हणून पोतं आलं की नमुना तपासणीला द्यावा, वर्षभराचा साठा एकदम घेऊ नये, आणि पोतं सावलीत, जमिनीपासून उंच, तोंड बांधून ठेवावं.

पावसाळ्यात येरळेला गढूळ पाणी आलं की हाच हिशोब आणखी कोलमडतो. गाळ क्लोरीन खातो, आणि जंतू गाळाच्या कणांआड लपून राहतात. आधी तुरटीनं गाळ बसवावा, मग पावडर टाकावी. नुसती पावडर वाढवली तर वास येतो, लोक ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी पावडर टाकणंच बंद होतं.

३. पाणी बंद असतं तेव्हा पाइपावर लक्ष ठेवावं

मला सगळ्यात उशिरा उमगलेली आणि आता सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. आमच्याकडं पाणी सकाळी तासभर येतं. त्या तासात पाइपात दाब असतो, त्यामुळं कुठं भोक असलं तर पाणी बाहेर पडतं. नुकसान होतं, पण घाण आत शिरत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की पाणी उताराकडं ओघळतं, पाइप रिकामा होऊ लागतो, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर कोरडी माती असली तर थोडक्यात निभावतं. आमच्या खालच्या आळीत बाहेर गटार होतं. पाइप टाकणाऱ्या ठेकेदारानं खोदाई वाचवायला लाइन गटाराच्या कडेनं नेली होती, आणि घरगुती जोडण्यांचे बारीक पाइप तर गटारातूनच आरपार गेले होते.

त्यात घरोघरच्या मोटरी. दाब कमी म्हणून लोक नळाला थेट मोटर लावतात. मोटर पाणी खेचते तशी शेजारच्या सांध्यातून घाणही खेचते. जो मोटर लावतो त्याच्या हौदात पाणी लवकर भरतं, आणि वरच्या अंगाच्या घराला येतो तो नुसता हवेचा फुसकारा. मोटर लावणाऱ्यांना मी दोष देत नाही. दाब मिळाला असता तर त्यांनी कशाला लावली असती? पण मोटरीनं ओढलेलं पाणी त्यांच्याच लेकराबाळांच्या तोंडी जातं, हे त्यांना उभं राहून समजावून सांगावं लागतं.

खालच्या आळीतल्या एका नळाचं पाणी आम्ही एच-टू-एस बाटलीत घेतलं. नळाची तोटी पुसून घ्यायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, खुणेपर्यंत भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि ठेवून द्यायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं, तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर बाटली शाईसारखी काळी. वरच्या आळीतली, त्याच टाकीच्या पाण्याची बाटली होती तशीच राहिली होती. टाकी एक, पावडर एक, आप्पांची मेहनत एक, आणि दोन आळ्यांत असा फरक.

उपाय फार मोठे नव्हते, पण प्रत्येकासाठी कुणाच्या तरी मागं लागावं लागलं. गटारातले बारीक पाइप वर उचलून गटारावरून नेले, सांधे बदलले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचून व्हॉल्व्ह बुडालेले असत. तिथं कडा उंच करून झाकणं बसवली. आणि घरोघरी सांगितलं, की पाणी सुटल्यावर पहिली एक-दोन मिनिटं येणारं पाणी पिण्याला भरू नका. ते जनावरांनाही नको, झाडांना घाला. रात्रभर पाइपात काय शिरलं ते सगळं त्या पहिल्या धारेत असतं.

४. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत

गावात आरओचं पाणी विकणारा आला की तो खिशातून पेनासारखं मीटर काढतो. नळाच्या पाण्यात बुडवलं की सातशे, त्याच्या जारमध्ये पन्नास. बघणाऱ्याला वाटतं, आपण आजवर विष पीत होतो. पण ते मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं. मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. कॉलऱ्याचा जंतू, काविळीचा विषाणू मीटरला कळत नाही. उलट आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं जार नीट धुतला नसेल किंवा हंड्यात हात बुडवून पेला भरला, तर ते पाणी लवकर बिघडतं. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडं, क्षारांचा प्रश्न खराच आहे आणि तिथल्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. प्रत्येक गावानं आपलं दुखणं कोणतं ते आधी तपासावं, मग यंत्र विकत घ्यावं.

५. उकळून सगळं जात नाही

उकळल्यानं जंतू मरतात, हे आजीपासून सगळ्यांना माहीत आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. आमच्या भागात आल्याच्या आणि उसाच्या रानांना खत भरपूर पडतं. ते झिरपतं, शोषखड्ड्यांचं आणि उकिरड्यांचंही झिरपतं, आणि विहिरी-बोअरला उतरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यावर सवलत नाही. धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, ज्यांना वरचं दूध या पाण्यात कालवून देतात. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडनं दात आणि हाडं बिघडली, तिथंही उकळणं कामाचं नाही. अशा वेळी वेगळी विहीर शोधणं हाच खरा मार्ग. म्हणून रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, व्हायलाच हवी.

६. काळी बाटली लपवू नये

खालच्या आळीतली ती काळी बाटली मी ग्रामसभेत टेबलावर ठेवली, शेजारी वरच्या आळीतली ठेवली. एक जण लगेच म्हणाला, “गावाची बदनामी होईल, मॅडम.” तालुक्याला कळलं तर लाल कार्ड मिळेल, ही भीती. आपल्याकडं पाण्याच्या स्रोतांची आणि व्यवस्थेची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. सलग पाच वर्षं हिरवं राखलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. कार्ड चांगली गोष्ट आहे, पण कार्डासाठी तपासणी दडवली की माणसं आजारी पडतात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. ही गेल्या काही वर्षांत महापालिकेत आलेली गावं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा, दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जंतू सापडला. चालतीबोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली. ते पुण्यात घडलं, म्हणून टीव्हीवर आलं. आमच्यासारख्या गावात चार घरांत जुलाब लागतात तेव्हा लोक सलाइन लावून घेतात आणि पाण्याचं नाव कुणी काढत नाही. एका आळीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब दिसले, की आशाताईला कळवावं आणि त्याच दिवशी त्या आळीचा नळ तपासावा. घरात तोवर क्लोरीनचे थेंब किंवा उकळलेलं पाणी.

त्या दिवशी ग्रामसभेत खालच्या आळीतल्या बायका उठून पुढं आल्या आणि बाटली हातात घेऊन बघू लागल्या. गटारातले पाइप उचलण्याचा ठराव त्यानंतरच झाला.

७. आप्पांचा पगार आधी

पहाटे पाचला टाकीवर चढणारा माणूस गावातल्या प्रत्येक घराच्या आरोग्याला जबाबदार आहे, आणि मानधन मिळतं ते तुटपुंजं, तेही पाणीपट्टी जमली तर. पाणीपट्टी थकते, कारण लोक म्हणतात पाणी नीट येत नाही. आणि पाणी नीट येत नाही, कारण सांधे बदलायला, पावडर वेळेवर आणायला पैसा नसतो. दुधाला, मोबाइलच्या रिचार्जला आम्ही मुकाट्यानं पैसे देतो. येत्या ग्रामसभेत मी चार गोष्टी मागणार आहे: आप्पांचं मानधन महिन्याच्या महिन्याला, ते आजारी पडले तर पावडर टाकायला शिकलेला दुसरा माणूस, टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगानं लिहिलेली, आणि वस्तीवरच्या शेवटच्या नळाचा क्लोरीनचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. वस्तीवरच्या काकी म्हणाल्या आहेत, त्या येतील आणि माझ्या बाजूनं बोलतील.