एक चूल, किती माणसे?

जनगणनेला आपल्याकडील जुनी माणसे ‘खानेसुमारी’ म्हणत. शब्द मूळचा फारसी. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. फारुकी सुलतानांच्या या जुन्या राजधानीत फारसी शब्दाचे कोणास नवल वाटणार नाही. परंतु या शब्दात एक मर्म आहे. माणसे मोजण्यापूर्वी घरे मोजावी लागतात, आणि घर कशास म्हणावे हे त्याच्याही आधी ठरवावे लागते.

भारतीय जनगणनेने यासाठी जी व्याख्या स्वीकारली आहे, ती आपल्या आजीलाही सहज पटावी अशी आहे. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न खातात, त्यांचे मिळून एक कुटुंब. कामानिमित्त एखादा दुपारचे जेवण बाहेर घेत असला, तरी तो त्याच कुटुंबातला. थोडक्यात, कुटुंबाची हद्द चूल ठरवते. एका वाड्यात तिघे भाऊ राहत असले आणि तिघांच्या चुली वेगळ्या असल्या, तर जनगणनेच्या वहीत ती तीन कुटुंबे होतात.

२०११ च्या जनगणनेत बऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ५७ हजारांहून अधिक भरली. त्या वेळी देशात दर कुटुंबामागे सरासरी पाचांहून किंचित कमी माणसे होती. दहा वर्षांपूर्वी ती पाचांहून किंचित अधिक होती. शंभरांपैकी सुमारे ३७ कुटुंबांना राहण्यास एकच खोली होती. हे आकडे वाचून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात, की मोठे कुटुंब तेवढे गरीब आणि लहान कुटुंब सुखी. हा निष्कर्ष घाईचा आहे. (मोठ्या कुटुंबाचे दुःख केवळ गरिबांच्याच वाट्याला आले असेही नाही. सन १६३१ मध्ये याच शहरात मुमताज महलचा अंत झाला तो चौदाव्या बाळंतपणात, आणि त्या चौदांपैकी सातच अपत्ये मोठी झाली.)

बऱ्हाणपूर हे शतकानुशतके विणकरांचे गाव. हातमागाच्या काळी माग घरातच असे. घरधनी विणीत असे. स्त्रिया व मुले सूत उकलीत, कांड्या भरीत. त्या व्यवस्थेत खाणारे तोंड थोड्याच वर्षांत कामाचा हात होई, आणि मोठे कुटुंब ही विणकराची एक प्रकारे पुंजीच असे. यंत्रमाग आले आणि हे गणित मोडले. एक कामगार अनेक माग सांभाळू लागला व मजुरी त्या एकट्याच्या नावे पडू लागली. मुले शाळेत जाऊ लागली, ही तर अत्यंत इष्ट गोष्ट झाली. पण तेवढे हात कमाईतून निघाले आणि वह्या-पुस्तकांचा खर्च वाढला. कुटुंबातील माणसे तेवढीच राहिली, त्या संख्येचा अर्थ मात्र पालटला.

म्हणून माणसे किती हे विचारल्याबरोबर ती कोणती, हेही विचारले पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, एक हिशेब करून पाहा. समजा, एका घरात आई-बाप व चार मुले आहेत आणि महिन्याची मिळकत १२,००० रुपये आहे. शेजारच्या घरात एक वृद्धा व तिचा नातू. मिळकत ४,२०० रुपये. दरडोई पाहता पहिल्या घरात २,००० रुपये येतात आणि दुसऱ्यात २,१००. म्हणजे म्हातारीचे घर किंचित बरे ठरले! परंतु घरभाडे, दिवा, सरपण हा खर्च माणसांच्या पटीत वाढत नाही, आणि मुलाचा खर्च मोठ्या माणसाएवढा नसतो. हे ध्यानी घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रमाण सुचविले आहे : पहिल्या प्रौढास १, पुढील प्रत्येक प्रौढास ०.७ आणि प्रत्येक मुलास ०.५. त्याप्रमाणे पहिल्या घराची बेरीज ३.७ होते, दुसऱ्याची १.५. आता भागाकार करा. पहिल्या घरास सुमारे ३,२४३ रुपये येतात व दुसऱ्यास २,८००. क्रम उलटला. शिवाय पहिल्या घरातील मुले उद्या कमावती होतील. म्हातारीच्या घरात नातू मोठा होईपर्यंत मिळवते कोणीच नाही.

हीच बाब २०११ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेने लक्षात घेतली होती. ग्रामीण कुटुंबांची वंचितता ओळखण्यासाठी तिने जे सात निकष लावले, त्यांत कुटुंबाच्या आकाराचा निकषच नाही. रचनेचे मात्र आहेत. ज्या घरात १६ ते ५९ वर्षे वयाचे कोणीही नाही, अशी सुमारे ६५ लाख कुटुंबे देशाच्या ग्रामीण भागात निघाली. ज्यांची प्रमुख स्त्री आहे व त्या वयाचा पुरुष नाही, अशी सुमारे ६९ लाख. खकनारच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत, मजुरीच्या हंगामात कर्ती माणसे बाहेरगावी गेली म्हणजे मागे म्हातारी व नातवंडे उरतात. त्या घरांकडे पाहिले की हे निकष समजावून सांगावे लागत नाहीत. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेसाठी ग्रामीण कुटुंबे निवडताना यांतील बहुतेक निकषांचा आधार घेतला गेला.

सरकारी नियमांतही आकार आणि रचना यांचा मेळ नेहमी बसतो असे नाही. शिधापत्रिकेचेच पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, तर अत्यंत गरीब अशा अंत्योदय कुटुंबास घरटी ३५ किलो. अंत्योदय घरात दोनच माणसे असली तर प्रत्येकी साडेसतरा किलो पडतात. दहा असली तर साडेतीनच. दहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला मात्र ५० किलो मिळतात. सात माणसांपर्यंत अंत्योदयाचे पारडे खाली जात नाही; आठवे माणूस आले की अधिक गरिबास कमी धान्य, असा विपरीत प्रकार घडतो. माझ्या मते घरटी किमान ठरवून त्यावर दर माणशी वाढ देणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

२०२१ ची जनगणना महामारीमुळे लांबली. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली असून तिची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. गणनेसाठी प्रगणक दारी येतात, तेव्हा उत्तरे पुष्कळदा घरातील शाळकरी मुलेच देतात. अंगणाच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडून राहणारी आजी असेल, तर तिचे नाव मुलाच्या कुटुंबात सहज घातले जाते; घर एकच दिसते, आणि सांगणाऱ्यास तसे सांगणे शोभूनही दिसते. परंतु तिची चूल खरोखर वेगळी असेल तर तिचे कुटुंब एका माणसाचे आहे, आणि वहीत ते तसेच उतरावयास हवे.