वकिलाचं ऑफिस मोबाईलवर आलं, तुमची फाइल कुठे आहे?



आजच्या व्हिडिओत आपण वकिली व्यवसायातले बदल पाहिले. "सर, आमचा वकिलीशी काय संबंध?" असं बरेच जण विचारतात. संबंध येतो तो पैसे अडकल्यावर. आणि उधारीवर धंदा करणाऱ्याचे पैसे कधी ना कधी अडकतातच. म्हणून हे मुद्दे वहीत उतरवून घ्या.

१) कोर्टात काय बदललं?

पूर्वी पुढची तारीख कळायलासुद्धा वडूजच्या कोर्टात चक्कर मारावी लागायची, नाहीतर वकीलसाहेबांना फोन. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. आता प्रत्येक केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये टाकला की तारीख, टप्पा आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. आपल्या खटाव-खानापूर भागातली किती माणसं गलाई व्यवसायासाठी परराज्यात आहेत! तिथे दुकानात बसून त्यांना गावाकडच्या केसची तारीख बघता येते.

दुसरा बदल जवळचाच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. मुंबईचा प्रवास, मुक्काम आणि बुडणारे कामाचे दिवस वाचतात. लहान धंदेवाल्यासाठी ही मोठी बचत आहे.

२) वकिलाच्या ऑफिसात काय बदललं?

ज्युनिअरने दिवसभर जाडजूड पुस्तकं चाळून निकाल शोधायचे, हे काम आता सर्चवर होतं. अर्ज ऑनलाइन दाखल होतात, काही सुनावण्या व्हिडिओवर होतात. मसुदा लिहायला एआयची मदत घेणारेही आहेत. पण सावध! जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने दोन वकील आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला. का? चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल त्यांनी कोर्टात दाखवले होते. तुम्हीही मोबाईलवरून नोटीस तयार करून परस्पर पाठवू नका. कच्चा मसुदा जरूर करा, पण वकिलांना वाचायला द्या.

३) तुमचा पुरावा

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार व्हॉट्सॲप चॅट, ईमेल, रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देता येतं, पण सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. मूळ चॅट डिलीट करू नका. फोन बदलताना बॅकअप घ्या आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायच्या आधी वकिलांना विचारा.

४) मुदत चुकली की हक्क अडचणीत

समजा, तुमचं वडूजला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. १,८०,००० रुपयांचं काम दिलं, चेक आला आणि बाउन्स झाला.

- बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ३ मार्चला कळलं तर २ एप्रिलपर्यंत.
- नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस.
- तरीही दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली तक्रार.

"पुढच्या आठवड्यात देतो" ऐकत बसलात की हे दिवस निघून जातात.

चेकच दिला नसेल तर? तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल तर २००६ चा एमएसएमई कायदा मदतीला आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. आणि लक्षात घ्या, हा फायदा उत्पादक व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही.

५) या बदलात आपल्याला धंदा आहे का?

आहे. स्कॅनिंग, युनिकोड मराठी टायपिंग, कागदांची क्रमवार पीडीएफ, जुन्या फाइल्सची डिजिटल मांडणी, अशी कामं तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात. पण सीमा ओळखा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त सनदधारकच करू शकतो. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि फीचा वाटाही बाहेरच्या माणसाला देता येत नाही. म्हणजे "पक्षकार आणून देतो, कमिशन द्या" हे चालणार नाही. आपल्या कामाचा दर पानावर किंवा फाइलवर ठरवा. आणि लोकांचे कागद गुप्त ठेवा, नाहीतर दुसरं काम मिळणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. उद्यम नोंदणी तपासा. नसेल तर करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे.
२. ४५ दिवसांपेक्षा जुन्या येण्याची यादी करा.
३. प्रत्येक येण्यासमोर बिल, चलन आणि चॅट आहे का, ते लिहा.
४. पुढच्या ऑर्डरला अर्ध्या पानाचा का होईना, पण सहीचा करार घ्या.

यादी तयार झाली की ती घेऊन वकिलांकडे जा. फाइल नीट लावलेली असेल तर त्यांचा वेळ वाचतो, आणि तुमचे पैसे सुटायची शक्यता वाढते.