जुनी मोटार घेताना : इंजिनातील साखळीची पारख

जुन्या मोटारीसाठी कर्ज घेणारा ग्राहक कागदपत्रे, रंग, टायर आणि मीटरवरील किलोमीटर बारकाईने पाहतो. इंजिनाच्या आवरणाआड फिरणारी टायमिंग चेन मात्र दृष्टीआड राहते.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी आणि झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात, मिटाव्यात, हे काम या साखळीकडे असते. काही इंजिनांत त्यासाठी रबरी पट्टा असतो व तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. पोलादी साखळीला अशी मुदत बहुधा दिलेली नसते. त्यामुळे ‘साखळी आहे, मग चिंता नाही’ असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

साखळी ‘ताणली’ असे कारागीर म्हणतात, तेव्हा पोलाद रबरासारखे लांबलेले नसते. कड्यांच्या पिना किंचित झिजतात आणि ती झीज साठत जाऊन साखळी सैल पडते. तिला ताठ ठेवणारा टेन्शनर पुष्कळ इंजिनांत ऑइलच्या दाबावरच चालतो. वेळेवर न बदललेले, काजळीने भरलेले ऑइल म्हणूनच दुहेरी घात करते.

फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन साखळीवर चालणारे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही त्याचे उत्पादन होत असे. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुन्टो अशा अनेक मोटारींना ते लाभले. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्याने या इंजिनाची स्विफ्ट आता जुन्या बाजारातच मिळते. तिच्या बाबतीत ऑइल बदलल्याच्या पावत्या मीटरच्या आकड्याहून अधिक बोलक्या ठरतात. (मीटर मागे फिरविता येतो, हे सांगणे नलगे.)

मोटार पाहण्यास सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. चालू करताच साखळीच्या बाजूने खळखळ ऐकू आली आणि ती रेंगाळली, तर माहीतगार मेकॅनिकचा सल्ला घेतल्यावाचून व्यवहार करू नये.

साखळी दात सोडून सरकली, तर अशा इंजिनात दट्ट्या झडपांवर आदळतात. सर्वसाधारण वाहनविम्यात झीज व यांत्रिक बिघाड येत नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. साखळी बदलताना टेन्शनर, गाइड व दातेरी चक्रेही तपासून बदलणे हितावह असते. त्या साऱ्याचा खर्च किंमत ठरण्यापूर्वीच विचारून घ्यावा.