अपडेटनंतर मंदावलेला लॅपटॉप : कारणे व उपाय

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जन्माचा दाखला किंवा नमुना ८ चा उतारा घेण्यासाठी आलेला नागरिक पुष्कळदा त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. अशा वेळी लॅपटॉप सुरू होण्यासच दहा-पंधरा मिनिटे लागली, तर तो खोळंबा केवळ यंत्राचा राहत नाही. शाळेतही हीच गत होते. यू-डायस प्लसची माहिती भरण्याची मुदत जवळ आलेली असते आणि ‘अपडेट झाल्यापासून यंत्र जागचे हलत नाही’, अशी शिक्षकांची तक्रार असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक झाले असल्याने हा प्रश्न प्रशासनाच्या दृष्टीनेही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अशा प्रसंगी दोन टोकांचे निर्णय घेतले जातात. यंत्र निकामी झाले असे समजून नव्या खरेदीचा प्रस्ताव पाठविला जातो, किंवा अपडेटच कायमचे बंद करून टाकले जाते. पहिल्यात पैसा वाया जाण्याचा संभव असतो, तर दुसऱ्यात कार्यालयाच्या नोंदीच धोक्यात येतात. कारण शोधून क्रमाने उपाय केल्यास बहुसंख्य लॅपटॉप पुन्हा कामास येतात. आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत विंडोज ही कार्यप्रणाली वापरात असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.

प्रथम थोडा धीर

मोठे अपडेट पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी यंत्राचे काम संपलेले नसते. फाइलींची शोधसूची नव्याने तयार करणे, विषाणू तपासणी करणे, प्रिंटर व इतर उपकरणांसाठी लागणारे ड्रायव्हर उतरवून घेणे आणि लहानसहान प्रोग्राम अद्ययावत करणे ही कामे पडद्याआड चालू असतात. आपण कामाला बसतो त्याच वेळी ही कामेही चालल्याने यंत्र मंदावते. म्हणून अपडेटनंतर एक-दोन रात्री लॅपटॉप चार्जरला व इंटरनेटला जोडून चालू ठेवावा. झाकण मिटल्यास यंत्र झोपी जाते व ही कामे तशीच अडून राहतात, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर ‘रीस्टार्ट’ करावे. एवढ्यानेच पुष्कळ यंत्रे पूर्वपदावर येतात.

आधी निदान, मग उपचार

दोन-तीन दिवसांनंतरही गती सुधारली नाही, तर निदान करणे अगत्याचे ठरते. कळफलकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी व डिस्क असे रकाने दिसतात. यंत्र मंद असताना यांपैकी कोणता आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ राहतो, ते पाहावे. रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारली असता सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. ही नोंद दिवसातून दोन-तीन वेळा कागदावर टिपून ठेवली, तर दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञासही तिचा उपयोग होतो.

विनाखर्चाचे उपाय

कोणताही उपाय करण्यापूर्वी दप्तराच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात.

१. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागात, यंत्रासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. त्यांपैकी अनावश्यक प्रोग्राम ‘डिसेबल’ करावेत. याने प्रोग्राम काढून टाकला जात नाही. तो केवळ आपोआप सुरू होत नाही. विषाणूरोधक प्रोग्रामास मात्र हात लावू नये.

२. डिस्कवर साधारण एक पंचमांश जागा मोकळी असावी. मोठ्या आवृत्तीबदलानंतर जुनी विंडोज एका स्वतंत्र फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते व ती बरीच जागा व्यापते. हा फोल्डर साधारणपणे दहा दिवसांनी आपोआप काढला जातो. तोवर ‘रिकव्हरी’ विभागातून मागील आवृत्तीकडे परतता येते. म्हणून नव्या आवृत्तीत प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालत नसल्यास निर्णय याच मुदतीत घ्यावा.

३. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ विभागातून ‘टेम्पररी फाइल्स’ काढता येतात. परंतु त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. पुष्कळ कार्यालयांत उतरवून घेतलेले दाखले व परिपत्रके तेथेच पडून असतात. त्यासमोर खूण केल्यास ती सर्व एका टिचकीत नाहीशी होतील. अशा फाइली आधी योग्य जागी हलवाव्यात.

४. एकाच यंत्रावर दोन विषाणूरोधक प्रोग्राम ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात आणि यंत्र दोघांच्या ओझ्याखाली दबते.

५. हवा जाण्याच्या जाळीत धूळ साचली की यंत्र तापते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपली गती कमी करतो. यंत्र बंद करून जाळी स्वच्छ करावी.

‘संगणकाची गती दुप्पट करा’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रामांपासून दूरच राहावे. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीची, म्हणजे रजिस्ट्रीची, ‘सफाई’ करणाऱ्या प्रोग्रामांनी गती वाढण्याऐवजी यंत्र बिघडण्याचीच शक्यता असते.

अल्प खर्चाचे उपाय

डिस्कचा आकडा सतत शंभरावर राहत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कच्या मर्यादेचा असतो. लॅपटॉपमधील अशा डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो आणि शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना ती सेकंदाला जेमतेम शंभराच्या आत ठिकाणे गाठते. अभिलेख कक्षात एकच शिपाई असावा आणि दहा शाखांनी एकाच वेळी त्याच्याकडे निरनिराळी दप्तरे मागावीत, तशी तिची अवस्था होते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. ती सेकंदाला हजारो ठिकाणे गाठू शकते. जुनी डिस्क काढून एसएसडी बसविणे हा मंद लॅपटॉपवरील सर्वांत गुणकारी उपाय होय.

मेमरीचा आकडा भरलेला दिसल्यास रॅम अपुरी आहे असे समजावे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितली असली, तरी ब्राउझर, विषाणूरोधक व कार्यालयीन प्रोग्राम एकत्र चालविण्यास ८ जीबी असणे इष्ट. रॅम अपुरी पडली की यंत्र डिस्कचाच आधार घेते आणि मंदावते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम वाढविता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या नमुन्यात तशी सोय आहे किंवा कसे, तसेच हमी शिल्लक असल्यास तिच्या अटी काय आहेत, हे पाहावे.

अपडेट बंद करणे घातक

मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट दिले. दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ते अपडेट न घातलेल्या असंख्य संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील शस्त्रक्रियाही त्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. मंद यंत्राने दाखला उशिरा मिळतो. असुरक्षित यंत्राने दाखल्याची मूळ नोंदच हरवू शकते. म्हणून अपडेट बंद न करता ‘ॲक्टिव्ह अवर्स’ या सोयीत कार्यालयाची वेळ नोंदवावी. त्यामुळे भर कामात यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रांवर विंडोज ११ चालू शकत नाही, त्यांच्यासाठी मुदतवाढीची सुरक्षा अपडेटे काही काळ घेता येतात. लिनक्स हाही एक पर्याय आहे. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली त्याच जातीची होय. मात्र कार्यालयाचा प्रिंटर, स्वाक्षरीचे टोकन व नेहमीची संकेतस्थळे तीवर चालतात याची खात्री आधी एका यंत्रावर करून घ्यावी.

इतके करूनही यंत्र उपयोगी ठरले नाही, तरच निर्लेखनाचा विचार करावा. त्या वेळी डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसून यंत्र ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडेच सोपवावे.

प्रत्येक कार्यालयाने व शाळेने यंत्राशेजारी एक साधी वही ठेवावी. अपडेट कोणत्या तारखेस झाले, यंत्र सुरू होण्यास किती मिनिटे लागली, कोणता उपाय केला, एवढेच तीत लिहावे. खरेदीचा प्रस्ताव वर जाईल तेव्हा ही वही त्याचा आधार ठरेल. आणि पुष्कळदा तो प्रस्ताव पाठविण्याची गरजच उरली नसल्याचेही तीच दाखवून देईल.