द्राक्षाची ठिणगी आणि न दिसणारी आच

आई-बाबांनो, हंगाम आला की पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षं आपल्या नाशिकच्या घराघरांत येतात. बहुतेक घरांत आता मायक्रोवेव्हही असतो, आणि आई-बाबा कामावर असले की दुपारी शाळेतून आलेलं मूल एकटंच असतं. दोन द्राक्षं एकमेकांना टेकवून मायक्रोवेव्हमध्ये ठेवली की झगझगीत ठिणगी उडते, हे त्यानं कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं असतं. ते खरं आहे. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये त्याचं कारण मांडलं: पाण्यानं भरलेलं द्राक्ष मायक्रोवेव्हच्या लहरी आपल्यात कोंडून धरतं, दोन द्राक्षं टेकतात तिथे ऊर्जा एकवटते आणि प्लाझ्मा पेटतो. मला हे विज्ञान फार सुंदर वाटतं. पण त्या ठिणगीनं मायक्रोवेव्ह आतून जळू शकतो. म्हणून मुलाला नुसतं दटावू नका. तो व्हिडिओ सोबत बसून बघा, कारण सांगा आणि घरी हे करायचं नाही, हेही सांगा.

पालक मला बहुतेक वेळा किरणांबद्दल विचारतात. दार उघडताच लहरी थांबतात. दार वाकलेलं असेल किंवा नीट बसत नसेल तर मात्र मायक्रोवेव्ह वापरू नका. मला काळजी वाटते ती भाजण्याची. गॅसची ज्योत दिसते, म्हणून मूल हात मागे घेतं. इथे आच दिसतच नाही. वाटी कडेला कोमट आणि आतली आमटी चटका देणारी, असं होतं. तान्ह्या बाळाचं दूध तर यात गरम करूच नका, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. नुसतं पाणी कधी कधी उकळी न फुटताच जास्त तापतं आणि चमचा घालताच उसळतं. कवचासकट अंडं बाहेर काढल्यावरही फुटू शकतं.

भांडी बाजाराच्या या गावात आपली मांडणी स्टील-पितळेनं भरलेली. भुकेलं मूल स्टीलचा डबा तसाच आत ठेवणार. म्हणून मायक्रोवेव्हला चालतील अशा काचेच्या दोन वाट्या त्याच्या शेजारीच ठेवा. श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे तिथून हलवा. फ्रिजवर ठेवलेला मायक्रोवेव्ह आधी खाली घ्या, कारण उंचावरून ओढलेली गरम वाटी थेट चेहऱ्यावर येते. मग एखाद्या रात्री वरण-भात मुलालाच गरम करू द्या. झाकण सैल ठेवणं, मध्येच ढवळणं, बाहेर काढण्याआधी थोडं थांबणं, झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूनं उचलणं, हे तुम्ही शेजारी उभं राहून दाखवा.

आत पेट घेतला तर दार उघडायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि लांब व्हायचं. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही नाही. चेहरा भाजला किंवा मोठे फोड आले तर 108 ला फोन करायचा. तो आकडा मुलाकडून पाठ करून घ्या.